नाका, मुकादम आणि करारपत्र

मे महिन्याचा पहिला दिवस आपल्याकडे तीन नात्यांनी येतो. तो महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस, तो जगभरच्या कामगारांचा दिवस, आणि १९५५ साली पोप पायस बारावे यांनी त्या दिवशी श्रमिक संत योसेफाचा सण नेमून दिल्यापासून तो ख्रिस्तसभेचाही दिवस आहे. योसेफाला आपण सुतार म्हणतो. परंतु शुभवर्तमानात त्याच्या व्यवसायासाठी 'टेक्टोन' असा जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा अर्थ याहून व्यापक आहे. लाकूड असो वा दगड, हाताच्या कसबाने घर उभे करणारा तो टेक्टोन. नाझरेथच्या त्या घरात बांधकामाचा धंदा होता आणि तो बापाच्या हाताखाली मुलाने शिकावा, अशी त्या काळची रीत होती.

हा धंदा शिकण्याचे दार आज आपल्या मुलांना कोण उघडून देतो, हा प्रश्न विक्रोळीत राहणाऱ्या कोणालाही पडावा. येथे जिकडे पाहावे तिकडे बांधकाम चालू आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावर वडाळ्याहून कासारवडवलीकडे जाणाऱ्या मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत. दुसरी मेट्रो लोखंडवाला-जोगेश्वरीकडून येऊन पूर्व द्रुतगती मार्गापाशी संपावयाची आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या भुयारासाठी विक्रोळीतच खोल विवर खणले गेले. रेल्वेमार्गावरून पूर्व-पश्चिम जोडणारा उड्डाणपूल २०२५ साली खुला झाला. कन्नमवार नगर आणि टागोर नगर या वसाहतींतील जुन्या इमारती एकेक करून पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. या सर्व परांच्यांखालून आपली दहावी-बारावी झालेली मुले रोज जातात-येतात. त्यांच्यापैकी बांधकामाचा धंदा शिकण्यासाठी आत गेलेला मुलगा मात्र विरळाच आढळतो. याचे कारण केवळ मुलांच्या आळसात किंवा पांढरपेशा नोकरीच्या मोहात शोधणे सोपे आहे. परंतु ते पुरेसे नाही. त्याची मुळे दीडशे वर्षांच्या इतिहासात आहेत, आणि तो इतिहास तपासून पाहण्यासारखा आहे.

घाटातील कंत्राट

विक्रोळीवरून धावणारा लोहमार्ग हा हिंदुस्थानातील पहिला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. हा मार्ग फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज कंत्राटदारांनी बांधला होता. पुढे त्याच फॅव्हिएलला बोरघाटाच्या चढणीचे कंत्राट मिळाले आणि १८५६ च्या आरंभी घाटात सुरुंग लागू लागले. इंग्रज कंत्राटदार हजारो मजुरांना थेट ओळखत नसे. तो देशी उपकंत्राटदाराला काम देई, उपकंत्राटदार मुकादमाला, आणि मुकादम आपल्या गावच्या वा जातीच्या टोळीला. मजुराचा करार असा कोणाशीच नव्हता. त्याला ठाऊक असे तो फक्त मुकादम. मजुरीचा पैसा या साऱ्या हातांतून पाझरत खाली येई आणि कधी मध्येच अडे. १८५९ च्या जानेवारीत तो असाच अडला, मजूर खवळले आणि घाटात दंगा झाला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत फॅव्हिएलने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येऊन काही आठवड्यांतच मरण पावला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालविले. १८६१ साली घाटात एका वेळी ४२ हजारांवर माणसे राबत होती. १८६३ च्या एप्रिलमध्ये मार्ग खुला झाला.

या दंग्याच्या मागोमाग, १८६० साली, सरकारने मालक-मजूर तंट्यांसाठी एक कायदा केला. रेल्वे-कालव्यांसारख्या बांधकामांवरील मजुरीचे तंटे त्यामुळे दंडाधिकाऱ्यापुढे झटपट नेता येऊ लागले; पण त्याच कायद्यात काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला शिक्षेचीही तरतूद होती. या देशातील बांधकाम मजुराच्या कराराची कथा अशी सुरू होते. करार म्हणजे मजुराला बांधून ठेवणारा दोर, ही समजूत तेव्हापासून रुजली. कराराने मजुराला वर चढता यावे, ही कल्पना फार पुढची.

घाट बांधून झाल्यावर ती हजारो माणसे पुढच्या कामाच्या शोधात पांगली. मुंबईतही असेच होत आले होते. निजामाच्या मुलखातून आलेल्या कामाठ्यांनी या शहराचे पाये खणले. त्यांची खूण म्हणून कामाठीपुरा हे नाव राहिले. वडारांनी दगड फोडले, बेलदारांनी माती वाहिली. शहर ज्यांनी बांधले, त्यांना शहराने पिढ्यान्पिढ्या वस्तीला ठेवले ते दिवसाच्या मजुरीवर.

नाव आणि नोकरी

स्थानिकांना काम मिळावे ही मागणी अलीकडची आहे असे पुष्कळांना वाटते. आपल्या समाजाच्या इतिहासात मात्र ती शंभर वर्षांहून जुनी आहे. साष्टी, वसई आणि मुंबई बेटांवरील मूळच्या ख्रिस्ती रहिवाशांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. गोवा आणि मंगळूर येथून आगबोटींनी येणारे ख्रिस्ती बांधव कचेऱ्यांतील आणि रेल्वेतील नोकऱ्यांसाठी स्पर्धा करू लागले होते. आपण येथले, आपल्या पूर्वजांनी ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी केली, म्हणून आपला हक्क पहिला, हे सरकारच्या ध्यानी यावे असा त्या नावामागील हेतू होता.

आम्ही त्या पूर्वजांना दोष देत नाही. पोटाचा प्रश्न होता आणि त्यांनी जे हाताशी होते ते वापरले. परंतु त्या घटनेतील दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली ही, की ते दार साहेबाच्या मर्जीने उघडणारे होते; लेखी हक्क असा काही नव्हता. दुसरी ही, की दाराच्या बाहेर ज्यांना ठेवावयाचे होते तेही आपल्याच मिस्साबलिदानात सहभागी होणारे लोक होते. आज विक्रोळीच्या कोणत्याही धर्मग्रामात ईस्ट इंडियन, गोवेकर, मंगळूरकर, तमिळ, केरळी, आणि मराठवाड्यातून आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे एकाच बाकावर बसतात. स्थानिक कोण, या प्रश्नाचे उत्तर जन्मगावावरून देऊ लागलो तर तो बाकच मोडेल.

गोदीतील आणि बाजारातील दार

मुकादमाच्या हातून नोकरीचे दार काढून घेण्याचा प्रयत्न मुंबईत प्रथम बांधकामात झाला नाही. तो गिरण्यांत झाला. तेथे जॉबर हा मुकादमाचाच भाऊ होता. तो भरती करी, बदली कामगाराकडून चिरीमिरी घेई आणि नको त्याला काढी. १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. नोंद झालेल्यालाच क्रमाने काम, ही कल्पना तेथे आली.

गोदीत ती अधिक पक्की झाली. बोट लागली की काम, बोट नसली की उपवास, अशी गोदी कामगारांची अवस्था होती. या कामगारांना संघटित करणाऱ्यांत प्लासिड डिमेलो हे मंगळूरकडचे कॅथलिक गृहस्थ अग्रभागी होते. ज्या रस्त्यावर आज त्यांचे नाव आहे, तो पी. डिमेलो मार्ग गोदीच्या भिंतीलगतच जातो. बंगळूरची सेमिनरी सोडून मुंबईत आलेले तरुण जॉर्ज फर्नांडिस यांनी कामगार चळवळीचे पहिले धडे त्यांच्याच हाताखाली घेतले. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला आणि १९५१ साली त्याखाली मुंबईची योजना आली. सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी असलेले मंडळ स्थापन झाले. कामगाराची नोंद मंडळाकडे, पाळीने काम देणे मंडळाकडे, आणि काम नसलेल्या दिवशी हजेरी लावली तर काही किमान रक्कम, अशी ती व्यवस्था होती. बोट गेली तरी माणूस गोदी कामगारच राहिला. रोजंदारीचे रूपांतर पेशात झाले ते या क्षणी.

या व्यवस्थेचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा वारस म्हणजे माथाडी कायदा. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून आलेले अण्णासाहेब पाटील यांनी मस्जिद बंदर आणि आसपासच्या बाजारांतील या माणसांची संघटना बांधली, आणि १९६९ साली विधिमंडळाने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा संमत केला. त्याची यांत्रिक रचना साधी आणि म्हणूनच विलक्षण आहे. मालकाने मंडळाकडे नोंद करावयाची, कामगाराने आणि त्याच्या टोळीनेही करावयाची. मालक मजुरी कामगाराच्या हातात न देता मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरतो. मंडळ मजुरी देते. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, उपदान, भरपगारी रजा आणि औषधपाणी भागते. एकच माणूस सकाळी एका पेढीत आणि दुपारी दुसऱ्या पेढीत काम करतो, त्याचा कायमचा मालक असा कोणीच नाही, तरीही त्याला कायम कामगाराचे संरक्षण मिळते.

या व्यवस्थेत दोष शिरले नाहीत असे नाही. टोळीतील जागा घरातल्या घरात फिरू लागली, माथाडीच्या नावाने खंडणी मागणारे निपजले, आणि आत असलेल्यांनी दार आतून लावून घेतले अशा तक्रारी झाल्या. त्या सगळ्याच खोट्या नाहीत. तरीही एक गोष्ट या कायद्याने सिद्ध केली. ज्याचा मालक रोज बदलतो, अशा कामगारालाही त्रिपक्षीय कराराने स्थैर्य देता येते. बांधकाम कामगार हा नेमका असाच कामगार आहे.

१९९६ साली जे राहून गेले

मग बांधकामात हे का झाले नाही? प्रयत्न झाला होता. १९८० च्या दशकाच्या मध्यावर देशभरच्या बांधकाम कामगार संघटनांनी एकत्र येऊन केंद्रीय कायद्यासाठी मोहीम उभारली. तिच्या अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर होते. गोदी आणि माथाडी मंडळांचा अनुभव या मोहिमेसमोर होता. बांधकाम मजुरांसाठीही त्रिपक्षीय मंडळे असावीत, मालक व मजूर दोघांची नोंद व्हावी आणि कामावर घेण्याचे नियमनही मंडळाने करावे, ही तिची मुख्य मागणी होती. दहा वर्षांनी, १९९६ साली, संसदेने इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी कायदा केला आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविणारा दुसरा कायदा केला. उपकराचा दर एक टक्का ठरला. त्यातून कल्याणकारी मंडळांनी कामगारांना साहाय्य द्यावयाचे होते. मुलांच्या शिक्षणाला मदत, बाळंतपणाला मदत, अपघातात भरपाई, म्हातारपणी निवृत्तिवेतन, अशा पुष्कळ चांगल्या गोष्टी त्यात आल्या. मात्र कामावर कोण कोणाला घेणार, हा प्रश्न कायद्याने जिथल्या तिथे ठेवला. दाराची किल्ली मुकादमाच्या कनवटीलाच राहिली.

महाराष्ट्रात या कायद्याचे नियम २००७ साली आले. देशभर उपकर गोळा झाला, पण खर्च झाला नाही. हजारो कोटी रुपये पडून राहिले. १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल सरकारांना कठोर शब्दांत जाब विचारला. ज्या मोहिमेच्या नावाने ती याचिका होती, ती हीच १९८० च्या दशकातील मोहीम. आता १९९६ चे कायदे नव्या श्रमसंहितांत सामावले गेले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. उपकर राहिला, नोंदणी राहिली. नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरचा मजूर आज एका मुकादमाकडे तर उद्या दुसऱ्याकडे. त्याला नव्वद दिवसांचा दाखला देणार कोण? पुन्हा तोच मुकादम वा ठेकेदार.

विक्रोळीचे दोन कामगार

विक्रोळीच्या इतिहासात ही तफावत डोळ्यांनी पाहता येते. १९४३ साली पिरोजशा गोदरेज यांनी येथील विस्तीर्ण जमीन लिलावात विकत घेतली. स्वातंत्र्यानंतर तेथे कारखाने आणि वसाहत उभी राहू लागली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो लोखंडी मतपेट्या येथेच तयार झाल्या. पिरोजशानगरच्या जोडीला गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती आल्या आणि विक्रोळी हे कामगारांचे उपनगर झाले.

कारखान्याच्या युगाने दोन प्रकारचे कामगार घडविले. पहिला कारखान्याच्या आत गेला. त्याला हजेरीपट होता, संघटना होती, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली होणारे वेतनकरार होते. अप्रेंटिस म्हणून शिरलेला मुलगा फिटर झाला, टर्नर झाला, फोरमन होऊन निवृत्त झाला. विक्रोळी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातील आपल्या कित्येक कुटुंबांची घडी अशा करारांवर बसली आहे. दुसऱ्याने कारखाने, चाळी आणि रस्ते बांधले. त्याचे नाव कोणत्याही पटावर कायमचे लिहिले गेले नाही. पहिल्याच्या मुलाने बापाचे बोट धरून धंद्यात पाऊल टाकले. दुसऱ्याचा मुलगा बापासारखाच नाक्यावर उभा राहिला.

पुढे या पट्ट्यातील कारखान्यांची भरती आटली आणि पहिले दार अरुंद झाले. त्याच काळात बांधकाम वाढत गेले. परंतु या दुसऱ्या दाराशी उभे राहण्याची रीत आपल्या मुलांना ठाऊक नाही, कारण तेथे रीतच नाही. सकाळी आठला नाक्यावर उभे राहावे, मुकादम बोट दाखवील त्याने टेंपोत चढावे, संध्याकाळी हातावर पैसे घ्यावे. बिगारी म्हणून घमेले उचलणारा दहा वर्षांनीही बिगारीच असतो. थापी आणि ओळंबा हाती येतो तो कोणा मिस्त्रीची मेहेरनजर झाली तर. कोणता बाप आपल्या मुलाला असे भविष्य निवडू देईल? मुले येत नाहीत म्हणून ठेकेदार दूरच्या राज्यांतून टोळ्या आणतो, उचल देऊन आणतो, आणि पत्र्याच्या खोल्यांत ठेवतो. उचल घेतलेला परगावचा मजूर तक्रार करीत नाही, हेही त्यामागील एक गणित असते.

स्थानिक म्हणजे कोण?

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे आरक्षण. १९६६ साली शिवसेनेची स्थापना झाली ती मराठी माणसाच्या नोकरीचा प्रश्न हाती घेऊन, आणि पुढे स्थानीय लोकाधिकार समित्यांनी बँका व कचेऱ्यांतील भरतीवर लक्ष ठेवले. राज्य शासनाच्या निर्णयांतूनही उद्योगांनी ऐंशी टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात असे धोरण आले. तेथे स्थानिक म्हणजे राज्यात पंधरा वर्षे राहिलेला. हरियाणाने २०२० साली खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा राज्यातील रहिवाशांना देणारा कायदा केला. तो २०२३ च्या नोव्हेंबरात पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला.

टक्केवारी सांगते की माणूस कोठला असावा. आत गेल्यावर तो काय शिकेल, हे ती सांगत नाही. महाराष्ट्राच्याच रोजगार हमी योजनेचा अनुभव येथे बोलका आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगावकडे तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला. गावच्या माणसाला गावाजवळ काम, हे स्थानिक भरतीचे अत्यंत शुद्ध रूप होते, आणि त्याने लक्षावधी माणसांना उपासमारीतून वाचविले. त्याबद्दल महाराष्ट्राने अभिमान बाळगावा. परंतु ज्याने बंधाऱ्यावर वीस वर्षे माती टाकली, तो विसाव्या वर्षीही मातीच टाकीत होता. काम जवळ आले, पण कसब जवळ आले नाही.

याच्या उलट उदाहरण केरळात आहे. कोझिकोड जिल्ह्यात वडकराजवळ १९२५ साली चौदा मजुरांनी उरालुंगल येथे एक सहकारी संस्था काढली. वाग्भटानंद गुरू या समाजसुधारकाच्या मागे गेल्यामुळे जमीनदारांनी त्यांना काम नाकारले होते. बहिष्कृत मजुरांनी स्वतःच कंत्राट घ्यावयाचे ठरविले. ती संस्था आज शंभरी ओलांडून उभी आहे. रस्ते, पूल आणि मोठाल्या इमारती बांधते, हजारोंना काम देते, आणि बांधकामाचे शिक्षण देणारी संस्थाही चालविते. तेथील मजूर संस्थेचा सभासद होतो आणि हाताखालून वर चढतो. महाराष्ट्रातही मजूर सहकारी संस्था पुष्कळ निघाल्या आणि सरकारी कामे त्यांच्यासाठी राखली गेली; मात्र त्यांतील कित्येक कागदावरच मजुरांच्या राहिल्या आणि चालविल्या ठेकेदारांनी.

आता एक परदेशचे उदाहरण पाहू, कारण ते मेट्रोचे आहे आणि मेट्रो आपल्याही दारात आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या मेट्रो प्राधिकरणाने २०१२ साली बांधकाम कामगार संघटनांशी एक करार केला. मोठ्या प्रकल्पांवरील कामाच्या एकूण तासांपैकी ४० टक्के तास दरिद्री वस्त्यांतील कामगारांना मिळावेत, २० टक्के तास शिकाऊ उमेदवारांना मिळावेत, आणि १० टक्के तास बेघर, तुरुंगातून सुटलेले, एकट्या आईबाप अशा अडलेल्या माणसांना मिळावेत, असे त्यात लिहिले गेले. त्या बदल्यात संघटनांनी संप न करण्याचे वचन दिले. यात दोन बारकावे आहेत. मोजमाप माणसांचे नसून तासांचे आहे. म्हणजे पहिल्या दिवशी फोटोपुरती भरती करून दुसऱ्या दिवशी माणूस काढता येत नाही. आणि 'स्थानिक' हा शब्द जन्मावरून ठरत नाही, वस्तीच्या दारिद्र्यावरून ठरतो. कोणत्या देशातून वा प्रांतातून आलात, हे तो करार विचारीत नाही. जेथे काम चालले आहे त्या परिसरातील गरिबाला शिकण्याची संधी मिळते की नाही, एवढेच विचारतो.

ज्याची सही, त्याची जबाबदारी

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात सांगितले, की मालक आणि मजूर यांनी खुशीने मान्य केलेली मजुरीही न्याय्य असेलच असे नाही. मजुराच्या कुटुंबाचे पोट भरण्याइतकी ती असलीच पाहिजे. नव्वद वर्षांनी, १९८१ साली, स्वतः दगडाच्या खाणीत काम केलेले पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' या विश्वपत्रात आणखी एक पाऊल टाकले. मजुराला पगार देणारा तो प्रत्यक्ष मालक. परंतु ज्या संस्था, ज्या व्यक्ती आणि जे करार त्या मजुराच्या कामाच्या अटी घडवितात, त्या सर्वांना त्यांनी अप्रत्यक्ष मालक म्हटले आणि न्यायाची जबाबदारी त्यांच्यावरही टाकली.

हे अप्रत्यक्ष मालक कोण? विक्रोळीत ते शोधावयास दूर जावे लागत नाही. कन्नमवार नगरातील एखादी गृहनिर्माण संस्था पुनर्विकासासाठी सभा बोलाविते. ७९-अ च्या निर्देशांप्रमाणे प्रक्रिया होते, वकील विकास करारनामा तयार करतो. चटईक्षेत्र किती, भाडे किती, कॉर्पस किती, लादी कोणत्या जातीची, यांवर सभासद रात्री जागवितात, आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण ज्या माणसांच्या हातांनी ही इमारत उभी राहणार, त्यांच्याविषयी अशा करारनाम्यांत सहसा एक ओळही नसते. सह्या करणाऱ्यांत आपली कॅथलिक कुटुंबे असतात. एरवी बिल्डरसमोर सामान्य माणसाचे काही चालत नाही. परंतु सहीपूर्वीच्या त्या काही आठवड्यांत त्याचे पुष्कळ चालते. सत्ता हाती असण्याचा तो काळ आहे, आणि तो पुन्हा येत नाही.

त्या कागदात काय लिहिता येईल? आमच्या मते पाच कलमे पुरेत. पहिले, इमारतीवर काम करणाऱ्या प्रत्येकाची, उपकंत्राटदाराच्या माणसांसकट, बांधकाम कामगार म्हणून नोंदणी व्हावी आणि नव्वद दिवसांचा दाखला बिल्डरने मागितल्यावाचून द्यावा. दुसरे, मजुरी बँकेत जमा व्हावी आणि उपकंत्राटदाराने ती थकविली तर बिल्डरने भरावी. तिसरे, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे ठराविक संख्येने उमेदवार घेतले जावेत आणि त्यांच्यापैकी निम्मे तरी आसपासच्या वस्तीतील असावेत. चौथे, त्यांच्या कामाचे तास मोजले जावेत आणि दर तीन महिन्यांनी संस्थेला कळविले जावेत. पाचवे, परप्रांतातून आलेल्या मजुरांना पाणी, संडास आणि मुलांसाठी सावलीची जागा मिळावी. स्थानिक मुलाला घेण्यासाठी कामावर असलेल्या परगावच्या माणसाला काढू नये. या कलमांनी बिल्डरचे दिवाळे निघणार नाही. सेंट्रिंग, सळई, गिलावा, लादी, नळकाम, वायरिंग या सहा कामांत प्रत्येकी दोन मुले घेतली, तरी एका इमारतीमागे बारा मुले धंद्याला लागतील. आणि पुनर्विकासाच्या या लाटेत इमारती एक-दोन नाहीत.

धर्मग्रामांचेही काम आहे. आपल्या शाळा, सभागृहे आणि ख्रिस्तमंदिरे यांची डागडुजी सतत चाललेली असते. तेव्हा ख्रिस्तसभाच काम देणारी असते. बाहेरच्या बिल्डरकडे जे मागावयाचे, ते आपल्या निविदेत आधी लिहिले गेले तर त्या मागणीला वजन येईल. कुर्ल्याच्या डॉन बॉस्कोसारख्या तांत्रिक शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्याजवळ आहेत. त्यांचे वर्ग आणि बांधकामाचे फाटक यांच्यामध्ये जी दरी आहे, ती करारपत्राने भरता येते. शिफारशीच्या चिठ्ठीने नव्हे. चिठ्ठी एका मुलाला आत नेते आणि मेहेरबानीचे ओझे त्याच्या डोक्यावर ठेवते. करारातील कलम पुढच्या वर्षीच्या मुलालाही आत नेते, आणि त्याची मान ताठ राहते.

मत्तयकृत शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट आहे. ती आपण नेहमी धन्याच्या औदार्याची गोष्ट म्हणून ऐकतो. विक्रोळीत राहून वाचली म्हणजे तिच्यातला बाजारचौक डोळ्यांपुढे येतो. तो नाकाच आहे. दिवस मावळतीला आला तरी तेथे माणसे उभी आहेत. धनी त्यांना विचारतो की तुम्ही रिकामे का, आणि ती सांगतात की आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. त्यांना आळशी म्हणून धनी हिणवीत नाही. तो त्यांचे उत्तर खरे मानतो.

घाटातल्या मजुरांपासून कन्नमवार नगरातल्या मजुरांपर्यंतचा इतिहास हेच उत्तर पुन्हा पुन्हा देतो. गोदीत आणि बाजारात जेव्हा तीन पक्ष एका मेजाशी बसले आणि नोंद झाली, तेव्हा रोजंदारीवरची माणसे पेशाची झाली. बांधकामात ते मेज अजून मांडलेले नाही. कायदा ते मांडील तेव्हा मांडील. तोवर आपल्या सहीची वाट पाहणारा करारनामा ज्या ज्या घरात येईल, तेथे पेन उचलण्यापूर्वी ही पाच कलमे त्यात आहेत की नाहीत, एवढे पाहिले जावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे.